कापलेल्या खुंटाचे पंचांग

१/
फळ पिकले की जिचे आयुष्य संपते, अशा वनस्पतीला संस्कृत कोशकारांनी ‘ओषधी’ हे वेगळे नाव दिले होते. भात, गहू, तीळ हे सारे या वर्गातले. भांगेचे झाडही त्यातलेच: एका हंगामात उगवायचे, फुलायचे, बी धरायचे आणि वाळून जायचे. मात्र उष्ण प्रदेशात पीक कापून नेल्यावर खाली हिरवा खुंट आणि चार पाने उरली, तर हेच झाड कधीकधी पुन्हा फुटते आणि फुलांऐवजी कोवळी पाने काढू लागते. म्हातारपणातून बालपणात परतणारे हे झाड काळ मोजते तरी कशाने? या प्रश्नाच्या उत्तराचा हा इतिहास.

२/
हिंदुस्थानात हे पीक जुने. ब्रिटिश अमदानीत बंगालमधील नवगाव, मध्य प्रांतातील खांडवा आणि मुंबई इलाख्यातील अहमदनगर ही गांज्याच्या लागवडीची मोठी ठिकाणे होती. १८९३-९४ च्या सरकारी आयोगाने ११९३ साक्षीदार तपासले आणि सात खंडांचा अहवाल सिद्ध केला. कर, वेड आणि गुन्हेगारी हे त्याचे मुख्य विषय.

३/
शेतकऱ्यांचे ज्ञान मात्र वेगळ्या प्रकारचे होते. नवगावकडे रोपे पावसाळ्यात तयार होत, नर झाडे ओळखून उपटण्यासाठी खास जाणकार बोलावला जाई आणि थंडी सरता सरता पीक कापले जाई. कोणते काम कोणत्या महिन्यात, हे सर्वांना ठाऊक होते. झाडाला तो महिना कसा कळतो, हा प्रश्न अजून कोणाच्या प्रयोगशाळेत पोहोचला नव्हता. फुलणे हे उष्णतेवर आणि पोषणावर अवलंबून असते, अशीच तेव्हाच्या युरोपीय शास्त्रज्ञांचीही सर्वसाधारण समजूत होती.

४/
पॅरिसमध्ये ज्युलियाँ तूर्नवा हे तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ जपानी हॉप आणि हेंप यांचा अभ्यास करीत होते. (हेंप म्हणजे ताग किंवा अंबाडी नव्हे; ती भांगेचीच धाग्यासाठी वाढवलेली जात.) त्यांनी ऐन हिवाळ्यात काचघरात बी पेरले. उन्हाळ्यात पुरुषभर वाढून मग फुलणारी ही झाडे तेथे जेमतेम काही पाने येताच फुलली. काचघरात ऊब होती, माती चांगली होती. मग उणे काय होते? प्रकाश.

५/
मग त्यांनी मुद्दाम काही रोपांना दिवसातून केवळ सहा तास उजेड दिला. ती रोपेही अकाली फुलली. १९१२ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तेव्हा त्यांचा रोख प्रकाश कमी पडण्यावर होता. १९१४ पर्यंत त्यांचा विचार कितीतरी पुढे गेला: दिवस आखूड होण्यापेक्षा रात्र लांब होणे हेच फुलण्याचे खरे कारण असावे, असे त्यांनी मांडले.

६/
त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महायुद्ध सुरू झाले. त्या युद्धात तूर्नवा मारले गेले. प्रयोग तेथेच थांबले.

७/
जर्मनीत हायडेलबर्ग येथे गेऑर्ग क्लेब्स यांनीही भर हिवाळ्यात दिव्यांच्या उजेडाने दिवस ‘लांबवून’ एका वनस्पतीला फुलवले होते. प्रकाशाची लांबी हा केवळ पोषणाचा नव्हे, तर इशाऱ्याचा भाग असावा, असे त्यांनाही जाणवले. ते १९१८ मध्ये वारले. शत्रुराष्ट्रांतील हे दोन अभ्यासक एकाच दाराशी पोहोचले होते.

८/
आता अटलांटिकच्या पलीकडे. १९०६ च्या सुमारास अमेरिकेतील मेरिलँडच्या तंबाखूत एक विलक्षण झाड निघाले. उन्हाळाभर ते वाढतच राही, शंभरावर पाने काढी, पण फुलत नसे. फूल नाही म्हणजे बी नाही, आणि बी नाही म्हणजे पुढच्या वर्षी पीक नाही. ‘मेरिलँड मॅमथ’ नावाने ओळखल्या गेलेल्या या जातीत शेतकऱ्यांना मोठा लाभ दिसत होता. अडचण बियाण्याची होती.

९/
तोड निघाली ती खुंटातून. थंडी सुरू होताना शेतातले खुंट मुळांसह काढून काचघरात लावले जात. त्यांना नवे फुटवे येत आणि हिवाळ्यात त्या फुटव्यांवर फुले उमलत. जे झाड उन्हाळ्यात फुलायला तयार नव्हते, त्याचाच उरलेला बुंधा हिवाळ्यात फुलत होता! म्हणजे अडथळा झाडाच्या वयात नव्हता.

१०/
अमेरिकी कृषी खात्यातील वाइटमन गार्नर आणि हॅरी ॲलार्ड यांनी एकेक कारण तपासून बाद केले. शेवटी १० जुलै १९१८ रोजी दुपारी चार वाजता त्यांनी सोयाबीनची एक पेटी आणि मॅमथ तंबाखूच्या तीन कुंड्या एका अंधाऱ्या खोपट्यात ठेवल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता बाहेर काढल्या. हा क्रम रोज चालू ठेवला. फ्रान्समध्ये मार्नच्या दुसऱ्या लढाईला तेव्हा पाच दिवस उरले होते. इकडे ऐन उन्हाळ्यात, सात तासांच्या बनावट दिवसांत, मॅमथ फुलला.

११/
१९२० मध्ये त्यांचा प्रबंध प्रसिद्ध झाला आणि ‘फोटोपिरिऑडिझम’ हा शब्द रूढ झाला. मराठीत ‘दीप्तिकालिता’ म्हणतात. श्रेय गार्नर-ॲलार्ड यांना मिळाले आणि त्यांचे प्रयोग पाहता ते रास्तच आहे. तरीही पाठ्यपुस्तकांत तंबाखूची कथा सविस्तर येते आणि हेंपची एका ओळीत उरकते, हे खटकणारे आहे. रात्रीचा मुद्दा आधी त्या हेंपच्या काचघरात सुचला होता.

१२/
आरंभीचा प्रश्न, म्हणजे मागे फिरण्याचा, हाती घेतला ओहायो स्टेट विद्यापीठातील जॉन शॅफनर यांनी. कोवळ्या हेंपची पाने खोडावर समोरासमोर जोडीने येतात. झाड फुलण्याच्या वयात आले की ती एकाआड एक येऊ लागतात. शॅफनर यांनी दिवसाची लांबी बदलून फुलणाऱ्या झाडांना पुन्हा पालवीच्या अवस्थेत नेले, तेही वारंवार, आणि १९२६ मध्ये आपल्या निबंधाच्या शीर्षकातच त्याला ‘पुनर्यौवन’ म्हटले. ‘ओषधी’चे मरण अटळ असते, या कल्पनेला हा मोठाच धक्का होता.

१३/
तूर्नवा यांच्या तर्काची कसोटी १९३८ मध्ये लागली. हॅमनर आणि बॉनर यांनी झँथियम या, आपल्याकडेही बांधावर उगवणाऱ्या काटेरी फळांच्या तणावर प्रयोग केले. दिवसा मध्येच अंधार केला तर काही बिघडले नाही. लांब रात्रीत मध्येच थोडा वेळ उजेड पाडला, तर मात्र झाड फुललेच नाही. झाड रात्र मोजत होते, तीही अखंड. तूर्नवा यांना जाऊन तेव्हा दोन दशकांहून अधिक काळ लोटला होता.

१४/
आता उष्ण प्रदेशातल्या खुंटाचे कोडे सुटते. पॅरिसमध्ये सर्वांत मोठा दिवस सुमारे सोळा तासांचा आणि सर्वांत लहान आठ तासांच्या थोडा वर. पुण्यात हाच फरक साधारण सव्वातेरा आणि अकरा तासांचा. युरोपात शरदात पीक कापल्यावर हिमतुषार बुंध्याला मारून टाकतो, म्हणून मागे फिरण्याची संधीच मिळत नाही. जिथे हिमतुषार नाही, तिथे खुंट जिवंत राहतो. संक्रांतीनंतर रात्री आखडत जातात, फुलण्याचा इशारा ओसरतो आणि डोळे पुन्हा पालवीकडे वळतात. पहिली पाने बहुधा एकाच पात्याची, कडा गुळगुळीत असलेली येतात. हाताच्या पंजासारखी ओळखीची पाने नंतर.

१५/
उसाच्या खोडव्याशी याची गल्लत होऊ नये. खोडवा जमिनीखालच्या डोळ्यांतून फुटतो. ते डोळे फुलण्याच्या वाटेवर गेलेलेच नसतात. भांगेच्या खुंटाला त्या वाटेवरून परतावे लागते. तरी उसाचा तुराही रात्रीच्याच हिशोबाने येतो. १९१२ मध्ये, तूर्नवा यांचा निबंध निघाला त्याच वर्षी, ऊस-पैदास केंद्र कोइमतूरला स्थापन झाले, कारण तिथे ऊस सहज फुलतो आणि संकर करता येतो.

१६/
भांगेची लागवड आज भारतात कायद्याने नियंत्रित आहे. रात्रीचे ते गणित मात्र महाराष्ट्रातील हरितगृहांत रोज वापरले जाते. शेवंतीने लवकर फुलू नये आणि दांडे लांब व्हावेत, म्हणून शेतकरी काही आठवडे मध्यरात्रीच्या सुमारास दिवे लावून रात्रीचे दोन तुकडे करतात. दिवे बंद केले की कळ्या धरतात.