रात्री एक

परवा पोलादपूरला मामाकडे गेलो होतो. फडताळ आवरताना मामीला एक जुनी औषधाची बाटली सापडली. काचेला कागदाची पट्टी चिकटवलेली आणि पट्टीला कात्रीने पाडलेल्या खाचा. एक खाच म्हणजे एक डोस. चाळिशी ओलांडलेल्या मंडळींना आठवत असेल. १९४८ च्या फार्मसी कायद्याने नोंदणी झालेला फार्मासिस्ट आणला, सरकारी मराठीत 'मिश्रक' असाही शब्द होता, पण आमच्याकडे तोंडात राहिला तो कंपाउंडरच. अक्षरओळख नसलेली पणजी त्या खाचांवरून बरोबर डोस देई म्हणे.

आमच्या भागाचा वैद्यकीय इतिहास म्हटला की डॉ. हिंमतराव बावस्करांचं नाव येतं, आणि यायलाच हवं. १९७६ साली ते महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात आले. लाल विंचू चावलेली माणसं हातपाय गार पडून, फुफ्फुसात पाणी होऊन जात होती. विषामुळे रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदय थकतं. बावस्करांनी त्यावर प्राझोसिन वापरलं. १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं, २०२२ साली पद्मश्री मिळाली. गंभीर रुग्णांतले मृत्यू तीस टक्क्यांच्या आसपास होते, ते चारच्या खाली आले. आणि औषध काय, तर रक्तदाबाची स्वस्तातली, तोंडाने घ्यायची गोळी!

पण या गोळीची एक खोड आहे. घेतल्यावर माणूस झटकन उभा राहिला तर रक्तदाब कोसळतो. म्हणून विंचवाच्या रोग्याला आडवंच ठेवतात. दवाखान्यात ते बघायला माणसं असतात. घरी कोण असतं?

आमच्या आजोबांना १९९७ साली हीच गोळी लघवीच्या त्रासासाठी दिली होती. दुकानदाराने (नाव नको, गावही नको) पाकिटावर 'रात्री एक' एवढंच लिहिलं. आजोबा तिसऱ्याच रात्री मोरीकडे जायला उठले आणि कोसळले. खुब्याचं हाड मोडलं.

नंतर महाडच्या एका फार्मासिस्टबाईंनी मामीला समोर बसवून सगळं विचारलं. आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत? रात्री किती वेळा उठतात? मग सांगितलं, "गोळी झोपतानाच द्या. उठताना आधी काठावर बसवा, पाय खाली सोडू द्या, मग उभं करा. दोन-चार दिवस चुकली तर आपल्या मनाने पुन्हा सुरू करू नका, डॉक्टरांना विचारा." दहा मिनिटं गेली असतील. बिल होतं तेवढंच.

रुग्णाला असं समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं काम आहे, असं २०१५ च्या नियमांत स्पष्ट लिहिलंय. त्या बाईंनी ते नियम यायच्या कितीतरी आधी केलं. विंचवाच्या इतिहासात डॉक्टर आहेत, गोळी आहे. गोळी हातात ठेवताना कोण काय बोललं, हे मात्र कुठे नोंदलेलं नाही. असो.

मामीने तेव्हा खाटेच्या खुराला लाल फडकं बांधलं होतं. आजोबांना अंधारात ते काय दिसणार म्हणा! पण हाताला लागलं की ते थांबायचे, बसायचे, आणि मग मामीला हाक मारायचे.