वेबफॉन्टमधील गहाळ अक्षरे

संकेतस्थळाबरोबर ब्राउझरमध्ये उतरणाऱ्या फॉन्टमध्ये एखाद्या अक्षराची आकृती नसल्यामुळे ते अक्षर रिकाम्या चौकटीच्या रूपात किंवा वेगळ्याच वळणात दिसण्याचा दोष. मराठी मजकुरात तो प्रामुख्याने ‘ॲ’, ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ आणि ‘₹’ यांच्याबाबत आढळतो. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान (०९७२) २००८ साली, तर रुपयाच्या चिन्हाला २०१० साली मिळाले, त्याआधीच्या व नंतर न सुधारलेल्या फॉन्टमध्ये ही स्थाने रिकामी असतात.

नागपूर-अमरावतीकडील मजकुरात हमखास येणारा ‘वऱ्हाड’ हा शब्द चाचणीस सोयीचा आहे. त्यातील ‘ऱ्ह’ हे जोडाक्षर ऱ (०९३१), हलन्त आणि ह अशा क्रमाने साठवले जाते. फॉन्टमध्ये अर्ध्या ‘र’ची आकृती किंवा ती योजणारा ओपनटाइप नियम नसेल, तर खाली टिंब असलेला, पाय मोडलेला ‘र’ सुटा दिसतो.

निदान : सगळाच मजकूर पर्यायी फॉन्टमध्ये दिसत असेल, तर मूळ फाइल उतरलेली नसते, ठरावीक अक्षरेच बिघडत असतील, तर फॉन्टमधील किंवा त्याची फाइल लहान करताना झालेली गळती संभवते. कोणता फॉन्ट प्रत्यक्ष वापरला गेला, हे ब्राउझरच्या तपासणी साधनात दिसते.

उपाय : फाइल लहान करताना संपूर्ण देवनागरी विभाग, जोडाक्षरांचे नियम आणि शून्यरुंदी जोडक राखावेत. ‘₹’ देवनागरी विभागाबाहेर असल्याने सीएसएसच्या ‘युनिकोड-रेंज’मध्ये त्याची वेगळी नोंद करावी. ‘नोटो सॅन्स देवनागरी’सारखा पर्यायी फॉन्टही नमूद करावा.