मधुमेह : तीन परंपरांची साक्ष

सौंसर-पांढुर्ण्याच्या उत्तरेस सातपुड्याच्या ज्या रांगा आहेत, त्यांच्या रानांत बिजाचा वृक्ष आढळतो. आयुर्वेद त्यास विजयसार म्हणतो. त्याच्या लाकडाच्या पेल्यात रात्रभर ठेवलेले तांबूस पाणी मधुमेह्याने सकाळी प्यावे, अशी चाल मध्य भारतात आहे. या पेल्यामागे फार जुने निरीक्षण उभे आहे आणि ते एकट्या आपल्या देशाचे नाही.

रुग्णाच्या मूत्राकडे मुंग्या धावतात, ही खूण चरकसंहितेने नोंदविली. सुश्रुतसंहितेने प्रमेहाचे दोन भेद केले : जन्मजात आणि अपथ्यातून उद्भवणारा. पहिल्याचा रोगी कृश, दुसऱ्याचा स्थूल. निर्धन रोग्याने गाईंमागे हिंडावे, विहीर खणावी, असेही तेथे सांगितले आहे. चिनी वैद्यांनी या विकारास ‘क्षीणता आणि तहान’ अशा अर्थाचे नाव दिले. स्निग्ध व गोड अन्नाच्या अतिरेकाशी त्याचा संबंध त्यांच्या प्राचीन ग्रंथाने जोडला आणि सातव्या शतकात तेथील वैद्यांनी मूत्राची गोडीही ओळखली.

पाश्चात्त्य वैद्यकात थॉमस विलिस याने ही गोडी १६७४ साली नमूद केली. मात्र पुढचे पाऊल प्रयोगाचे होते. १७७६ साली मॅथ्यू डॉब्सनने मूत्र आटवून साखर वेगळी काढली. १८८९ साली स्ट्रासबुर्ग येथे मिंकोव्स्की व फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढताच त्यास मधुमेह जडला. त्या धाग्यावरून १९२१ साली टोरांटोत बँटिंग व बेस्ट इन्शुलिनपर्यंत पोहोचले आणि जानेवारी १९२२ मध्ये मरणोन्मुख अशा चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्प्सनला ते टोचण्यात आले. सुश्रुताने ओळखलेल्या कृश रोग्यासारख्यांस खरा आधार मिळाला, तो तेव्हा.

मग बिजाचा पेला फेकून द्यावा काय? तसे नव्हे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने विजयसाराची रुग्णांवर चाचणी घेतली आणि १९९८ साली प्रसिद्ध झालेले तिचे निष्कर्ष आशादायक होते. परंतु ते रुग्ण नुकतेच निदान झालेले, इन्शुलिनवाचून राहू शकणारे होते आणि त्यांना दिलेले औषध मोजून दिलेले होते. ज्याच्या स्वादुपिंडात इन्शुलिन तयारच होत नाही, त्याने पेल्यावर विसंबून सुई थांबविली, तर काही दिवसांतच प्राणावर बेतते.

प्राचीनांनी रोग डोळसपणे पाहिला, अर्वाचीनांनी तो मोजला. पेला घरात असावयास हरकत नाही. परंतु रक्तातील साखर मोजल्यावाचून त्याच्यावर भरवसा ठेवू नये आणि वैद्यकीय सल्ल्यावाचून सुई थांबवू नये.