सातारा-सांगलीची कण्हेर

साताऱ्याजवळ वेण्णा नदीवर कण्हेर धरण आहे. ते ज्या गावामुळे ओळखले जाते, त्याचे नाव झुडपाचेच. संस्कृतात या झुडपाला करवीर म्हणतात. शेजारच्या कोल्हापूरचे जुने नावही तेच. आयुर्वेदाने करवीराला उपविषांत बसवले, तरी गणपतीच्या एकवीस पत्रींत त्याचे पान आहेच. विषारी पान देवाला चालते, हे जरा गमतीचेच.

पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, मात्र परकी. ती मध्य व दक्षिण अमेरिकेतली. तिच्या जुन्या शास्त्रीय नावात आंद्रे थेवे या सोळाव्या शतकातील फ्रेंच प्रवाशाचे नाव आहे. लाल-पांढऱ्या कण्हेरीची पाने तीन-तीनच्या फेऱ्यात येतात. बिट्टीची एकाआड एक, आणि देठ मोडताच पांढरा चीक ठिबकतो. दोन्हींचे विष हृदयाची लय बिघडवते. तरीही बिट्टीच्या टणक बिया पोरांच्या खेळात आल्या.

माण, खटाव, जत, आटपाडी या कमी पावसाच्या तालुक्यांत कण्हेर टिकते ती दोन कारणांनी: पाणी कमी लागते आणि कडू पानाला शेळीही सहसा तोंड लावत नाही. त्यामुळे कुंपण नसलेल्या देवळापुढे, शाळेच्या आवारात तीच उरली. पुढे पुणे-बंगळूर महामार्गाच्या दुभाजकातही तिला जागा मिळाली.