मेदस्नेहिता-मापन, विषाणुरोधी औषधांचे

एखादे संयुग पाण्यापेक्षा तेलकट माध्यमाकडे किती ओढले जाते, त्या गुणाला मेदस्नेहिता म्हणतात. ऑक्टॅनॉल व पाण्यात औषध हलवून थर वेगळे होऊ देतात. ऑक्टॅनॉलमधल्या संहतीला पाण्यातल्या संहतीने भागून त्याचा लॉगॅरिथम घेतला की लॉग पी मिळतो. पेशीचे आवरण मेदाचे असल्याने औषध आतड्यातून रक्तात कितपत उतरेल, याचा अंदाज त्यावरून येतो. मात्र पद्धत, तापमान आणि पीएच सोबत दिलेले नसतील, तर तो आकडा वापरण्याजोगा नाही. एचआयव्हीवरील टेनोफोविर या औषधावर शरीरात ऋण विद्युतभार असतो, म्हणून तोंडावाटे ते फारसे शोषले जात नाही. डिसोप्रॉक्सिल गट जोडून तो भार झाकला की लॉग पी 1.25 भरतो, पण हे मूल्य 25 अंश सेल्सिअस आणि पीएच 6.5 चे आहे. एचआयव्हीवरीलच एफाविरेंझचा लॉग पी सुमारे 4.6 आहे. तेलातुपाच्या जेवणासोबत ते रक्तात जास्त उतरते आणि चक्कर, विचित्र स्वप्ने असे त्रास वाढू शकतात. म्हणूनच ते उपाशीपोटी, झोपताना घ्यायला सांगतात.

संगणक क्षणात लॉग पी काढून देतो, मग हलवाहलव कशाला, असे विचारले जाते. पण संगणकाची सूत्रेच मोजलेल्या आकड्यांवर बेतलेली असतात; नवी रचना आली की ती चुकू शकतात. ऑक्टॅनॉल म्हणजे पेशीचे आवरण नव्हे, हा आक्षेप मात्र खरा आहे. तरीही सर्वत्र तेच माप वापरल्याने औषधांची तुलना होऊ शकते, आणि ही सोय मोठी आहे. मापनाच्या मर्यादाही ठरलेल्या आहेत. ओईसीडी या आर्थिक सहकार्य व विकास संघटनेची 107 क्रमांकाची हलवण्याची पद्धत साधारण उणे 2 ते 4 एवढ्याच लॉग पीसाठी आहे. त्यापुढे पाण्यात तरंगणारे ऑक्टॅनॉलचे सूक्ष्म थेंब आकडा खाली ओढतात. एफाविरेंझसारख्यांसाठी 117 क्रमांकाची, एचपीएलसीवरची (उच्च कार्यक्षमता द्रव क्रोमॅटोग्राफी) पद्धत घ्यावी लागते.

कुरखेड्यासारख्या तालुक्याच्या गावातील विज्ञान महाविद्यालयालाही हे काम अशक्य नाही. सिलिकाच्या पट्टीवर पातळ पॅराफिन चढवून मिथेनॉल-पाण्यात टीएलसी (पातळ थर क्रोमॅटोग्राफी) केली, तर मेदस्नेही औषधाचा ठिपका खालीच रेंगाळतो. ज्ञात औषधांशी ताडून त्याचे मूल्य काढता येते. हलवण्याच्या पद्धतीत मात्र अडचण मे महिन्यातल्या उन्हाची आहे. 107 क्रमांकाच्या पद्धतीला 20 ते 25 अंशांच्या दरम्यानचे, एका अंशाच्या आत स्थिर राहणारे तापमान लागते. तापमान-नियंत्रित जलकुंडाशिवाय उन्हाळ्यात घेतलेले वाचन नोंदवू नये.