बालवाडीची बाई आणि तिचा दाखला

विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त निघणाऱ्या स्मरणिकेत धम्मावर आणि बाबासाहेबांच्या चळवळीवर जाणकार मंडळी लिहितातच. मी मात्र एका साध्या विषयावर चार शब्द लिहिणार आहे. तो विषय म्हणजे बालवाडीची बाई. तीन ते सहा वर्षांची आपली पोरं सकाळी नाक पुसून, केस विंचरून आपण जिच्या हवाली करतो, ती बाई. कुणी तिला ताई म्हणतं, कुणी बाई. सरकारी कागदावर ती 'सेविका'. शिक्षिका असं तिला कागदावर कुणी म्हणत नाही. असे का झाले, आणि तिला शिकवण्याची, दाखला देण्याची व योग्य मोल देण्याची मागणी किती जुनी आहे, हा इतिहास आपल्या घरातल्या आयाबहिणींना ठाऊक असावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

सुरुवात महात्मा जोतीराव फुले यांच्यापासूनच करावी लागते. १८८२ साली इंग्रज सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी हंटर आयोग नेमला. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीरावांनी त्या आयोगाला निवेदन दिले. सरकार शेतकऱ्यांच्या घामाचा पैसा वरच्या वर्गाच्या शिक्षणावर उधळते आणि खालच्या थरातली पोरं कोरडीच राहतात, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. प्राथमिक शाळेचा मास्तर ट्रेनिंग घेतलेला असावा आणि तो शक्यतो कष्टकरी समाजातलाच असावा, म्हणजे तो लोकांत मिळूनमिसळून वागेल आणि त्यांच्या गरजा ओळखेल, असे त्यांनी मांडले. शिवाय त्याचा पगार बारा रुपयांपेक्षा कमी नसावा, मोठ्या गावात तो पंधरा-वीस रुपये असावा, असेही सुचवले. ध्यानात घ्या, ट्रेनिंग आणि पगार या दोन गोष्टी जोतीरावांनी एका दमात मागितल्या. पुढे काय झाले ते बघताना ही गोष्ट विसरून चालणार नाही.

त्यानंतर पंचेचाळीस वर्षांनी, १२ मार्च १९२७ रोजी, मुंबई विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिक्षणाच्या खर्चावर बोलले. प्राथमिक शाळेत शंभर मुले दाखल झाली तर त्यातली फक्त अठरा चौथीपर्यंत पोहोचतात, बाकीची ब्याऐंशी पुन्हा निरक्षरच होतात, हा हिशेब त्यांनी सभागृहापुढे ठेवला. नुसते नाव घालून मूल शिकत नाही, ते शाळेत टिकावे लागते, हे त्यातून दिसते. आता मूल टिकते कशाने? पहिलीत पाऊल टाकण्याआधी ज्याला गाणी, गोष्टी, रंग, खेळ आणि चारचौघांत बसण्याची सवय मिळाली, ते मूल शाळेला घाबरत नाही. ज्यांच्या घरात पुस्तके आहेत त्यांना ही सवय घरीच लागते. आपल्या घरातली आई पहाटे कामाला जात असेल तर ही सवय कोण लावणार? म्हणून बालवाडी. आणि म्हणूनच बालवाडीची बाई शिकलेली, ट्रेनिंग झालेली हवी.

लहान मुलांना शिकवणे हे एक शास्त्र आहे, ही समज आपल्याकडे हळूहळू आली. ६ जानेवारी १९०७ रोजी डॉ. मारिया माँटेसरी यांनी रोममधल्या सॅन लोरेंझो या गरीब वस्तीत मजुरांच्या मुलांसाठी बालगृह उघडले. म्हणजे आज महागड्या फीच्या पाटीवर जे नाव दिसते, ते मुळात गरिबांच्या वस्तीतून आले आहे! गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका यांनी वकिली सोडून १९२० साली बालमंदिर काढले, आणि बालशिक्षक तयार करण्यासाठी अध्यापन मंदिरही चालवले. त्यांना येऊन मिळाल्या ताराबाई मोडक. १८९२ सालचा त्यांचा जन्म, १९१४ सालच्या त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर. या मंडळींनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. पुढे १९३९ साली माँटेसरीबाई स्वतः मद्रासला आल्या. अड्यारला त्यांनी वर्ग घेतला तेव्हा सुमारे तीनशे शिक्षक-शिक्षिका शिकायला बसल्या होत्या. महायुद्धामुळे त्यांना इथेच राहावे लागले आणि त्या काळात देशभर त्यांचे शेकडो विद्यार्थी तयार झाले.

पण शहरातल्या सुखवस्तू घरांपुरते हे शास्त्र राहिले तर काय उपयोग, हा प्रश्न ताराबाईंना पडला. १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू करणाऱ्या ताराबाई १९४५ च्या डिसेंबरात ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी गावी गेल्या. (आता तो भाग पालघर जिल्ह्यात आहे.) त्याच वर्षी जुलैमध्ये बाबासाहेबांनी मुंबईत पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली होती, हाही योग लक्षात ठेवण्यासारखा आहे. बोर्डीत ताराबाईंच्या सोबत होत्या अनुताई वाघ. लहानपणी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य, अशा अवस्थेतून जिद्दीने शिकून त्या शिक्षिका झाल्या होत्या. पुढे १९५६-५७ च्या सुमारास हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारल्यांच्या पाड्यांमध्ये गेले.

तिथे पहिली अडचण ही, की मुलं शाळेत येईनात. मग ताराबाई म्हणाल्या, मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच मुलांच्या अंगणात नेऊ. त्यातून 'अंगणवाडी' आली. गुरं चारायला जाणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा भरली, तिला 'कुरणशाळा' म्हणत. माँटेसरीची लाकडी साधने महाग, ती पाड्यावर कोण आणणार? म्हणून पाने, बिया, खडे, शिंपले, माती यांचीच साधने झाली. आणि बालवाडी चालवायला बायकांना तयार करण्याचे काम तिथेच सुरू झाले. यातली खरी शिकवण अशी, की चांगले बालशिक्षण पैशावाचून अडत नाही, पण शिकवणारीच्या ट्रेनिंगवाचून अडते. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ साली पद्मश्री मिळाली.

सरकारदरबारी ही गोष्ट पोहोचत होती, पण फार सावकाश. १९४४ च्या सार्जंट अहवालात दहा लाख मुलांसाठी पूर्वप्राथमिक शिक्षणाची आणि ट्रेनिंग झालेल्या शिक्षिकांची शिफारस होती. स्वातंत्र्यानंतर १९५३ साली केंद्रीय समाजकल्याण मंडळ निघाले, बालवाड्यांना थोडीफार मदत मिळू लागली. शेवटी २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, आणि कोसबाडच्या अंगणातला शब्द सगळ्या देशाचा झाला.

शब्द गेला, पण त्यामागचा मान गेला नाही. योजनेत सेविकेवर सहा कामे टाकली: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, दवाखान्यात पाठवणे, मातांना आरोग्याची माहिती देणे आणि पूर्वशालेय शिक्षण. तिला पगार नाही, 'मानधन' ठरले. मॅट्रिक झालेलीला महिना दीडशे, न झालेलीला शंभर, आणि मदतनीस बाईला पस्तीस रुपये. ट्रेनिंग दिले, पण त्या ट्रेनिंगमुळे ती शिक्षिका ठरली नाही. ती 'मानसेवी' म्हणजे समाजसेवा करणारी ठरली. जोतीरावांनी एका दमात मागितलेल्या दोन गोष्टी सरकारने अशा वेगळ्या केल्या. १ ऑक्टोबर २०१८ पासून केंद्राने सेविकेचे मानधन तीन हजारांवरून साडेचार हजार केले, राज्ये त्यात आपापली भर घालतात. पण नाव मानधनच राहिले.

इथे संविधानाची एक बाजू प्रत्येकाने समजून घ्यावी. मूळ ४५ व्या कलमात चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंत सर्व बालकांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा निर्देश होता. घटना समितीत २३ नोव्हेंबर १९४८ रोजी चौदाची मर्यादा खाली आणावी अशी सूचना आली, तेव्हा बाबासाहेबांनी ती मानली नाही. चौदा वर्षांखालील मुलाला कामाला लावायचे नाही असे आपण म्हणतो, तर ते मूल शिक्षणसंस्थेतच असले पाहिजे, असा त्यांचा मुद्दा होता. आता बघा, त्या कलमात वरची मर्यादा होती, खालची नव्हती. तीन वर्षांचे मूलही त्यात येत होते. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वयाचे शिक्षण मूलभूत हक्क झाले, ही मोठी गोष्ट. पण सहाच्या आतले मूल त्या हक्काबाहेर राहिले, त्याच्यासाठी ४५ व्या कलमात नुसता निर्देश उरला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या ११ व्या कलमातही तीन वर्षांवरील मुलांच्या पूर्वशालेय शिक्षणाची सोय सरकार 'करू शकेल' अशी भाषा आहे, 'करील' अशी नाही. मुलाचा हक्क कच्चा, म्हणून बाईचा दर्जाही कच्चा. ही दोन्ही दुखणी एकाच मुळाची आहेत.

न्यायालयातही हा झगडा गेला. डिसेंबर २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अंगणवाडी सेविकेचे पद हे शासकीय सेवेतले पद नाही. पण २५ एप्रिल २०२२ रोजी गुजरातच्या सेविकांच्या खटल्यात त्याच न्यायालयाने सेविका व मदतनीस यांना १९७२ च्या कायद्याखाली ग्रॅच्युइटी मिळाली पाहिजे असा निकाल दिला. अंगणवाडीत पूर्वशालेय शिक्षण चालते, ही बाबही न्यायालयाने विचारात घेतली. आपल्या महाराष्ट्रात तर ४ डिसेंबर २०२३ पासून जानेवारी २०२४ पर्यंत सेविका-मदतनीस भगिनी संपावर होत्या. वेतन, ग्रॅच्युइटी, पेन्शन ह्याच मागण्या. 'संघटित व्हा' हा बाबासाहेबांचा मंत्र त्यांनी कृतीत आणला.

आता दाखल्याबद्दल. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात बारावी झालेल्या सेविकांसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याहून कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाची पदविका सांगितली आहे. काम न सोडता, दूरशिक्षणाने हे शिकायचे, आणि महिन्यातून निदान एकदा प्रत्यक्ष वर्ग व्हायचा. २०२३ साली 'पोषण भी, पढाई भी' हा कार्यक्रम सुरू झाला. ही चांगली दिशा आहे, तिचे स्वागतच करू. पण एक धोकाही आहे. दिवसभर पोषण आहार, वजनकाटा, मोबाईलमधल्या नोंदी, सर्वेक्षण हे सगळे करून रात्री ती बाई अभ्यास कधी करणार? आणि दाखला मिळाल्यावरही मानधन तेच राहणार असेल, तर तो दाखला म्हणजे डोक्यावर आणखी एक ओझे. शिवाय उद्या दाखल्याची अट कडक करून वीस-वीस वर्षे काम केलेल्या वस्तीतल्या बायांना बाजूला सारले, तर जोतीरावांची 'मास्तर आपल्यातलाच हवा' ही मागणी पायदळी जाईल. म्हणून शिक्षण, दाखला आणि पगार हे तिन्ही एकत्र मागितले पाहिजेत.

आपण काय करायचे? फार मोठे काही नाही. आपली अंगणवाडी कुठे भरते, तिथे पंखा, पाणी, संडास आहे का, हे जाऊन बघावे. सेविकेला विचारावे, ताई, तुमचं ट्रेनिंग झालं का, साहित्य मिळालं का? तिची अडचण नगरसेवकापर्यंत न्यावी. ज्या वस्तीत विहाराचे सभागृह सकाळी रिकामे असते, तिथे ते बालवाडीला द्यावे. आणि आपल्या बारावी झालेल्या लेकीसुनांना हा अभ्यासक्रम करायला सांगावे. लहान मुलांना शिकवणे हे हलके काम नव्हे. १९२७ साली बाबासाहेबांनी सांगितले तेव्हा शंभरातली ब्याऐंशी मुले गळत होती; गळती थांबवण्याचे काम इथूनच सुरू होते.

जोतीरावांनी मागणी केल्याला एकशे चाळीस वर्षे उलटली. सावित्रीमाईंच्या लेकी अंगणात बसून अजून शिकवत आहेत. त्यांना 'बाई' म्हणताना आपल्या तोंडी मान असतो. तो मान सरकारी कागदावरही उतरेपर्यंत आपण बोलत राहू.

जय भीम.