तळटीप : त्वचेतील रक्तप्रवाहाची लय

* लेखक ‘प्रवाह अस्थिर असतो’ एवढेच म्हणतात. ते अपुरे आहे. लेझर डॉप्लर यंत्राने त्वचेतला रक्तप्रवाह मोजला, की त्यात अनेक लयी मिसळलेल्या दिसतात. हृदयाची सेकंदाला सुमारे एक, श्वासाची तीन-चार सेकंदांना एक, वाहिनीच्या भित्तीतील स्नायूंची १० सेकंदांच्या आसपास, चेतातंतूंची सुमारे २५ सेकंदांची. सर्वांत संथ लय जवळजवळ १०० सेकंदांची. ती वाहिन्यांच्या आतल्या अस्तराशी जोडली जाते. या अस्तरावर काम करणारे ॲसिटिलकोलिन हे रसायन त्वचेत सोडल्यावर ती बळावते. या लयींचा वेग सतत थोडाथोडा बदलतो, म्हणूनच अनेटा स्टेफानोव्स्का आणि सहकाऱ्यांनी १९९९ च्या निबंधात, काळानुसार बदलणाऱ्या लयी टिपणाऱ्या वेव्हलेट विश्लेषणाचा आधार घेतला. दोन मिनिटांच्या नोंदीत सर्वांत संथ लयीचे जेमतेम एक आवर्तन बसते, त्यामुळे ती खात्रीने सापडणे शक्य नाही. पुढील पानांवरील आलेख वाचताना नोंदीचा कालावधी आधी पाहावा. — संपा.